वाचक विचारतात : नवं काही सुचावं कसं?

या खेपेला कोकणपट्टीतून आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या रूपांत सापडली. बसलो, डोकं खाजवलं, पण जे निघालं ते शेजाऱ्यानं आधीच केलेलं. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचत गट आहे. आगळ, आमसुलं, कोकम सरबत करतो. आजूबाजूच्या गावांतले गटही तेच करतात, म्हणून काहीतरी वेगळं काढायचं ठरलं. बैठक घेतली की अध्यक्षताई आणि आणखी एकदोघी बोलतात, बाकीच्या "तुम्ही ठरवाल तसं" म्हणून गप्प. मोकळेपणानं बोला म्हटलं तरी फरक पडत नाही. काय करावं?
– बचत गटाच्या सचिव, मालवण तालुका

उत्तर : बोलायलाच सांगू नका, लिहायला सांगा.

गटानं एकत्र बसून कल्पना काढायची रीत रूढ केली ती ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं, विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्यांचे नियम चार. कल्पना निघत असताना नावं ठेवायची नाहीत, अचाट वाटली तरी सांगायची, जितक्या जास्त तितक्या बऱ्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत खुशाल भर घालायची. हे नियम आजही टिकून आहेत. फसते ती तोंडी बैठक. १९५८ मध्ये येल विद्यापीठात याची परीक्षा झाली. चार-चार जणांचे गट एकत्र बोलायला बसवले आणि तितकीच माणसं एकेकटी लिहायला बसवली. एकेकट्यांच्या याद्या चार-चार करून जोडल्या आणि दुबार गोष्टी वगळल्या, तरी त्यांच्या कल्पना बोलणाऱ्या गटांच्या जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कारण शोधलं. भीड असतेच, पण मोठी अडचण त्याहून साधी आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरतं, किंवा समोरचीचं ऐकता ऐकता आपली गाडी तिच्याच रुळावर जाते. तुमच्या गप्प बसणाऱ्या बायकांना काही सुचत नाही असं समजू नका.

यावर जर्मनीत १९६८ साली बेर्न्ड रोरबाख यांनी काढलेली कागद फिरवायची पद्धत तुम्हाला चपखल बसेल. मूळ हिशेब सहा जण, तीन कल्पना, पाच मिनिटं असा आहे. तुम्ही दहा जणी, तेव्हा पाच-पाचच्या दोन पंगती करा. प्रत्येकीला एक कोरा कागद द्या. त्यावर उभे तीन रकाने आणि आडव्या पाच ओळी आखा, वर प्रश्न लिहा, नाव नको. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन गोष्टी लिहायच्या आणि कागद उजवीकडे द्यायचा. आलेल्या कागदावरचं आधी वाचायचं, मग खालच्या ओळीत तीन लिहायच्या. वरच्या कल्पनेला शेपूट जोडलं तरी चालेल, अगदी नवं लिहिलं तरी चालेल. पाच फेऱ्या म्हणजे पंचवीस मिनिटं. एका पंगतीत ७५ नोंदी, दोन्हींत मिळून १५०. दुबार गेल्या तरी भरपूर उरतात.

कुठे बिघडतं तेही सांगतो. तिसऱ्या फेरीला सगळ्या अडतात, "आता काही उरलं नाही" म्हणतात, आणि सूत्रधार बाई चहा आणते. तिथे थांबू नका. पहिल्या दोन फेऱ्यांत निघतं ते सगळ्यांना ठाऊक असलेलंच असतं. वेगळं निघतं ते त्यानंतर. चहा पाचवीनंतर. ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्याजवळ शाळकरी मुलगी बसवा. बाईनं तिच्या कानात सांगायचं, तिनं सांगितलं तसं उतरवायचं, सुधारायचं नाही. अध्यक्षताईंचं अक्षर सगळ्या ओळखत असतील तर त्यांनी पहिल्या फेरीत कागद कोराच पुढे द्यावा. नाहीतर बाकीच्या त्यालाच मान डोलावतील.

सगळ्यात जास्त बैठका बुडतात त्या प्रश्नामुळे. "उत्पन्न कसं वाढवायचं" हा प्रश्न इतका पसरट की हाताला काही लागत नाही. "सरबताची बाटली आकर्षक कशी करायची" यात उत्तर आधीच ठरलेलं. त्याऐवजी असं लिहून पाहा : "रातांबे (कोकमाची फळं) पिळून झाल्यावर बिया, चोथा आणि खारवलेलं पाणी उरतं. त्यातून, घरच्या भांड्यांत, पावसाळ्यात विकता येईल असं काय काय होईल?" मर्यादा असावी, उत्तर नसावं.

प्रश्न : कल्पना आंघोळ करताना किंवा शेतावर चालताना सुचतात, टेबलाशी बसून नाही. मग बैठकांचा उपयोग काय?
– वाचक, दापोली

उत्तर : आंघोळीत सुचतं ते आधी टेबलाशी झगडलेल्यालाच. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं १९२६ मध्येच विचाराचे चार टप्पे मांडले होते : तयारी, मुरणं, उजेड पडणं आणि पडताळा. मुरायला आधी काहीतरी घातलेलं असावं लागतं. म्हणून प्रश्न कागदावर उतरवा, निदान वीस उत्तरं खरडा, मग सोडून द्या आणि हात गुंततील पण डोकं मोकळं राहील असं काम करा. नारळ सोलणं चालेल, मोबाईल चाळणं चालणार नाही. सुचलेलं तिथल्या तिथे टिपा, सकाळपर्यंत राहत नाही.

प्रश्न : तारकर्लीला आमच्या चार खोल्या आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंदच म्हणायच्या. घरच्यांना घेऊन बसलो की तेच तीन उपाय : सवलत द्या, रील्स टाका, फलक मोठा लावा. याच्या पुढे जात नाही.
– होमस्टे चालक, तारकर्ली

उत्तर : हे तिन्ही उपाय तुमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला सुचले आहेत, म्हणून ते तुमच्याकडे पाहुणा आणणार नाहीत. प्रश्न उलटा फिरवा. कागदावर लिहा : "जुलैत आलेला पाहुणा दुसऱ्याच दिवशी सामान बांधून निघून जावा यासाठी आपण काय काय करायचं?" दहा मिनिटं, निदान वीस मुद्दे. माणसं यावर खुलतात, कारण वाईट सुचवायला कुणी लाजत नाही.

यादी साधारण अशी होईल : चादरीला कुबट वास येऊ द्यायचा. भिजलेले कपडे वाळवायला जागा ठेवायची नाही. वीज गेली की घरातल्या माणसांनी अंधारात गडप व्हायचं. फळ्यावर सुरमई लिहायची आणि मागितली की "नाही" म्हणायचं. किल्ल्याची होडी पावसात बंद असते हे पाहुणा दारात उतरल्यावर सांगायचं. लहान पोरांनी दिवसभर काय करायचं याचा विचारच करायचा नाही.

आता प्रत्येक ओळ सुलटी करायची, आणि इथे घाई नडते. "वीज गेली की गडप व्हायचं" याचं सुलटं "मेणबत्त्या ठेवा" असं कुणीतरी लगेच म्हणेल. ते उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. आधी विचारा, यात पाहुण्याला खुपतं काय? अंधार नव्हे, अंधारात एकटं पडणं. मग उत्तर वेगळ्या दिशेनं येतं. वीज गेली की कंदील लावून पडवीत सगळ्यांनी जमायचं, गरम भजी, आणि घरच्या म्हाताऱ्यांच्या गजाली. ज्याची भीती होती तोच कार्यक्रम झाला. सुरमईचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हे पुण्याच्या पाहुण्याला ठाऊक नसतं. ती अडचण लपवण्याऐवजी फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि खाली पावसाचंच जेवण मांडा : टाकळ्याची भाजी, अळूचं फदफदं, भाजलेला सुका बांगडा, जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी.

एक धोका. उलटी यादी बघता बघता गाऱ्हाण्यांची होते : रस्ता असा, वीज मंडळ तसं. म्हणून नियम ठेवा, यादीत फक्त "आपण" काय करायचं ते. दुसऱ्याचं पाप लिहायचं नाही.

प्रश्न : काजूची बी विकतो, बोंडू बागेतच कुजतात. दर हंगामात जीव हळहळतो. काही मार्ग सुचवण्याची पद्धत आहे का?
– काजू बागायतदार, वेंगुर्ले तालुका

उत्तर : "बोंडू वाया जातात" ही हळहळ झाली. त्यातून कल्पना निघत नाहीत, कारण त्यात तीन वेगळ्या अडचणी एकत्र बांधल्या आहेत. बोंडू दिवसभरात नासायला लागतो. टॅनिनमुळे तुरट लागतो, घशाला खवखवतो. आणि पिकून खाली पडतो तेव्हा सालीला मार लागून रस गळतो. तीन कागद घ्या, एकेकावर एकच अडचण.

आता प्रत्येक कागदावर काही ठरीव प्रश्न विचारायचे. ऑस्बर्न यांनीच अशी प्रश्नांची यादी केली होती, १९७१ मध्ये बॉब एबर्ली यांनी ती सातांत बसवली. त्यातलं काही बदलून दुसरं घालता येईल का? दुसऱ्या कशाशी जोडता येईल का? इतरांनी सोडवलेल्या गोष्टीवरून घेता येईल का? मोठं-लहान, कमी-जास्त करून? वेगळ्याच कामाला लावून? काही काढून टाकून? क्रम उलटा करून?

तुरटपणाचा कागद घेऊ. "जोडा" म्हटलं की आलं-मिरी किंवा गोड फळाचा रस सुचतो, चव झाकली जाते. "इतरांवरून घ्या" म्हटलं की कळतं, बोंडूच्या रसात साबुदाण्याची पेज घालून टॅनिन खाली बसवतात आणि वरचा निवळ रस काढून घेतात, ही रीत चालू आहे. "काढून टाका" म्हटलं की प्रश्नच पालटतो. तुरटपणा काढायलाच कशाला हवा? लोणच्यात मीठ-मोहरीबरोबर तो खपतो. "वेगळं काम" : पिळून उरलेला चोथा वाळवून गुरांच्या खाण्यात. सातही प्रश्नांना सारखी उत्तरं मिळत नाहीत. "मोठं-लहान" इथे जवळपास वांझ आहे. मिळालं नाही की पुढे जा. रकाने भरण्यासाठी रकाने भरू नका, सरकारी अर्ज नव्हे तो.

नासण्याच्या कागदावर मात्र "क्रम उलटा" हाच कामाचा प्रश्न. आज बोंडू गोळा होतो, घरी येतो, मग त्याचं काय करायचं ते ठरतं. उलट करा : पिळण्याचं साधन बागेत, गोळा करणं पहाटे, आणि झाडाखाली जाळं ताणलेलं, म्हणजे मार लागण्याचा कागदही त्यातच निकालात निघेल.

एवढं झालं की एक तक्ता मांडा. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञानं ही तऱ्हा रूढ केली. पहिल्या ओळीत रूप : निवळ रस, सिरप, सुकवलेल्या चकत्या, लोणचं, चोथ्याची पूड. दुसरीत घेणारा : पर्यटक, चाकरमानी, खानावळ, गोठेवाला. तिसरीत वेळ : हंगामात ताजं, गणपतीत, वर्षभर. पाच गुणिले चार गुणिले तीन, साठ जोड्या झाल्या. बहुतेक निरर्थक असतील, असू देत. डोळे मिटून प्रत्येक ओळीत बोट ठेवा आणि निघालेल्या जोडीला दोन मिनिटं द्या. "सुकवलेल्या चकत्या – चाकरमानी – गणपतीत" असं निघालं, तर गणपतीला गावी आलेला माणूस मुंबईला परत नेईल ते पाकीट डोळ्यांसमोर येतं. हे सरळ बसून सुचलं नसतं. दारू गाळण्याची कल्पना निघेलच. ती यादीत ठेवा, पण उत्पादन शुल्काचा परवाना लागतो हे निवडताना लक्षात घ्या. प्रक्रियेच्या नेमक्या प्रमाणांसाठी वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तुमच्या उंबऱ्यापाशीच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ते केंद्र काजूच्या 'वेंगुर्ला' जातींसाठीच ओळखलं जातं.

प्रश्न : आठवी-नववीची मुलं विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी ज्वालामुखी, पवनचक्की आणि ठिबक सिंचन घेऊन येतात. मागच्या वर्षीच्या चांगल्या प्रतिकृती दाखवल्या तरी नवं काही येत नाही.
– विज्ञान शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर : दाखवता म्हणूनच येत नाही. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. न सांडणारा कॉफीचा पेला आखायला दिला आणि काहींना नमुना दाखवला, ज्यात नळी होती. नळी वापरू नका असं स्पष्ट सांगूनही नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत ती डोकावलीच. शिकलेल्या मुलांची ही गत, तर आठवीच्या मुलानं काय करावं? कपाट बंद ठेवा.

त्याऐवजी त्रासवही करायला लावा. आठवडाभर रोज दोन नोंदी : घरात, बंदरावर, बागेत कोण कशाला वैतागलं. "पाण्याचा त्रास" असं मोघम नको. "आजी तिसऱ्या (शिंपल्या) उघडताना विळीनं बोट कापून घेते", "माकडं दुपारी दोनच्या सुमारास शहाळी पाडतात, तेव्हा घरात कुणी नसतं" असं हवं. कोण, कुठे, केव्हा. यातली एक नोंद निवडून मुलानं आधी ती मोजावी, मग उपायाकडे वळावं. पवनचक्की आपोआप मागे पडते.

वर्गात हात सैल करायला करवंटीचा खेळ घ्या. तीन मिनिटांत करवंटीचे उपयोग लिहायचे. गुण संख्येला देऊ नका. डवली, वाटी, पणती, कुंडी, माप ही पाच उत्तरं दिसतात, पण जात एकच, काहीतरी धरून ठेवणं. जळण, घासणी, टाळ, वजन, बटण अशी जात बदलली की गुण. आणि एक पथ्य तुमच्यासाठी : पहिल्या उत्तराला "वा, छान" म्हणू नका. उरलेला वर्ग त्याच उत्तराच्या मागे जातो.

प्रश्न : मंडळासाठी एकांकिका लिहायची आहे. विषयच सुचत नाही.
– वाचक, कणकवली

उत्तर : कुठलाही शब्दकोश उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, खालचं पहिलं नाम घ्या. समजा "गळ" निघाला. त्याचे दहा गुण लिहा : आमिष, वाकडा, दिसत नाही, ओढणारा बाहेर उभा, सुटताना फाटतं… आता तुमच्या गावातल्या एखाद्या घराला हे लावून पाहा. बाहेर उभं राहून कोण कुणाला ओढतंय? बहुतेक जण फसतात ते एका जागी, शब्द आवडला नाही म्हणून दुसरा काढतात, मग तिसरा, आणि शेवटी आपल्या मनातलाच घेऊन बसतात. पहिलाच घ्यायचा.

शिवाय अटी घाला. एक जागा, चार पात्रं, पस्तीस मिनिटं, एक वस्तू जी सतत मंचावर आहे. तुमच्याकडच्या दशावतारात संहिता हातात नसते. आख्यान ठरतं, कुणी काय व्हायचं ते ठरतं आणि संवाद मंचावर उभे राहतात. चौकट घट्ट असते, म्हणूनच नटाला आत मोकळं सुटता येतं.

प्रश्न : कल्पना खूप निघतात, आमचा घोळ नंतर होतो. शेवटी सर्वांत सोपी आणि सर्वांत मिळमिळीत गोष्ट निवडली जाते.
– पर्यटन समितीचे सदस्य, श्रीवर्धन

उत्तर : हे तुमच्याकडेच होत नाही. माणसं निवडायला बसली की जमण्यासारखं उचलतात आणि वेगळं टाकून देतात. आधी कल्पना सुचवणं आणि त्यांतून निवडणं यांत एका रात्रीचं तरी अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कल्पना वेगळ्या चिठ्ठीवर, पूर्ण वाक्यात. "जत्रा" नको, "बोर्लीच्या आठवडी बाजारात पर्यटकांना नेणं" असं. चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि न बोलता, जवळच्या वाटतात त्या शेजारी सरकवा. जिरो कावाकिता या जपानी अभ्यासकाची ही रीत. तिचं मर्म असं की गठ्ठ्यांना नावं शेवटी द्यायची. "जाहिरात", "सुविधा", "निधी" अशा पाट्या आधी लावल्यात तर चिठ्ठ्या मुकाट त्या खोक्यांत जाऊन पडतात आणि नवं नातं दिसतच नाही. एखादी चिठ्ठी कुठेच बसत नसेल तर एकटीच राहू द्या. ती पुष्कळदा कामाची असते.

मग मत. प्रत्येकाला तीन टिकल्या. कुठे लावायच्या ते आधी आपल्या कागदावर लिहून घ्यायचं, मग सगळ्यांनी एकदम उठून लावायच्या. सरपंचांनी पहिली टिकली लावली की बाकीच्या कुठे लागणार ते सांगायला नको. तीनपैकी एक टिकली अशा कल्पनेला, जी अवघड वाटते पण ऐकताना कान टवकारले होते. ही सक्ती नसेल तर मिळमिळीतच जिंकणार.

वर आलेल्या चार-पाचांवर चर्चा करू नका, प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा : पाचशे रुपयांत आणि येत्या रविवारपर्यंत हिची चव कशी घेता येईल? बाजाराची फेरी काढायची तर चार पाहुण्यांना आधी स्वतःच्या गाडीतून नेऊन आणा. उत्तर सापडत नसेल तर ती कल्पना अजून कच्ची आहे. हरलेल्या चिठ्ठ्या तारीख घालून पिशवीत ठेवा आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की काढा. मेमध्ये अशक्य वाटलेली गोष्ट जुलैत, हातात वेळ असताना, तितकी अवघड राहत नाही.